४९९ रुपये कोणाच्या बापाचे?

पासबुक छापून आणलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ९ जून, ४९९. ९ जुलै, ४९९. मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, बरोबर त्याच तारखेला. सहा वेळा मिळून २,९९४ रुपये. रकमेसमोर इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक नाव, जे आमच्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याला चिकटून आकड्यांची माळ.

यंदा आमच्याकडे कापूस दहा रुपये किलोनं वेचला गेला. मी सकाळी आठला वावरात शिरले आणि दिवस मावळेपर्यंत वाकून वेचला तर चाळीस किलो होतो. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, रात्री भाकरी थापताना झोंबतात. म्हणजे ४९९ रुपये हा माझा सव्वा दिवस. २,९९४ म्हणजे साडेसात दिवस. माझे साडेसात दिवस कोणी तरी बसल्या जागी उचलून नेले. ही चोरीच आहे. तिला दुसरं नाव मी देणार नाही.

झालं कसं ते सांगते. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे रोडनं पळतो, दुपारी पेपर सोडवतो. जूनमध्ये त्याला मोबाइलवर जाहिरात दिसली, एक रुपयात सात दिवस सराव पेपर. कार्डाचा नंबर मागितला. त्यानं मला विचारलं, मी कार्ड दिलं. एक रुपयाच तर होता. यांच्या साध्या फोनवर ओटीपी आला, मेसेजमध्ये रक्कमही एक रुपयाच होती. पेपर काही कामाचे निघाले नाहीत. ९ तारखेला पहिले ४९९ गेले आणि १० जूनच्या रात्री पोरानं ते बंद करून टाकलं. बंद करायलाही अर्धा तास लागला. आधी बटण सापडेना, मग कारण सांगा, मग अर्ध्या किमतीत देतो म्हणे, मग पुन्हा तोच प्रश्न. शेवटी रद्द झाल्याचं आलं, त्याचा स्क्रीनशॉट त्यानं ठेवला. देवाची कृपा म्हणून ठेवला.

मी पासबुक त्याच्यासमोर धरलं तर पोराचं तोंड उतरलं. "आई, मी तं बंद केलं होतं. हे पाय, १० जूनची तारीख हाये." त्याला मी रागावले नाही. जूनचे ४९९ मी सोडून दिले, एक दिवस उशीर झाला तो आमचा. पण त्यानंतरचे पाच हप्ते? २,४९५ रुपये कशाचे घेतले?

कंपनीला विचारायचं तर फोन नंबरच नाही. ॲपमध्ये एक खिडकी, तिच्यात लिहायचं, समोरून यंत्र उत्तर देतं, तेही इंग्रजीत. मेल केला तर दोन दिवसांत कळवतो. सहाव्या दिवशी उत्तर आलं की तुमच्या नंबरवर कोणतंही चालू सदस्यत्व दिसत नाही, बँकेशी बोला. मी पोराकडून तीनदा अर्थ विचारून घेतला. सदस्यत्व नाही हे तुम्हीच लिहून देता, आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला पैसेही तुम्हीच घेता? लाज वाटत नाही?

मग बँक. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, शाखा तालुक्याला. सकाळी नऊची एसटी, परतीची चारला. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाणं परवडतं, पण दिवसाचा वेचा बुडतो तो बुडतोच. गावात बँकेचं केंद्र आहे, तिथं अंगठा लावून पैसे काढता येतात, तक्रार घेत नाहीत.

नऊ नोव्हेंबरचे पैसे कटले, दहाला बाजारच्या दिवशी पासबुक छापलं, अकराला मी शाखेत उभी होते. हे तारखेसकट लिहून ठेवते कारण पुढं त्याच तारखांवरून मला खोटं पाडलं. त्या दिवशी आधी लिंक नव्हती. मग काउंटरवरचा पोरगा म्हणाला, कार्डाचं काम पाहणारे साहेब सुटीवर आहेत, सोमवारी या. मी म्हटलं, निदान अर्ज तरी घे. नाही घेतला. सोमवारी, सतराला, पुन्हा गेले. साहेब भेटले. त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "काकू, तीन दिवसांत यायला पाहिजे होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुसऱ्याच दिवशी आले होते, तुमच्याच माणसानं परत पाठवलं. तर म्हणे, त्याची नोंद नाही. नोंद कशी असेल? तुम्ही अर्जच घेत नाही!

दुसरं वाक्य, "ओटीपी दिला ना तुम्ही? मग बँक काय करणार?" ओटीपी दिला तो एक रुपयासाठी, जूनमध्ये. जुलैपासून एकदाही ओटीपी आला नाही. आलाच असता तर पैसे गेले असते का?

पोरगा भरतीसाठी चालू घडामोडी वाचतो, त्यानंच रिझर्व्ह बँकेचे नियम शोधून काढले. रात्री लाइट आली की तो वाचायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायची. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायलाच हवं, आणि तो हप्ता किंवा पूर्ण परवानगीच रद्द करायची सोय बँकेनं द्यायला हवी. २०१९ च्या परिपत्रकात हे आहे, ऑक्टोबर २०२१ पासून ते सक्तीनं लागू झालं. आणखी एक ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. परवानगीशिवाय पैसे गेले, त्यात ना ग्राहकाची चूक ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचाही भार नाही. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनं रक्कम खात्यात टाकायची. आणि चूक ग्राहकाची आहे असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. हे मी साहेबांना वाचून दाखवलं. साहेब स्क्रीनकडे पाहत राहिले.

मग मी विचारलं, २४ तास आधीचं कळवणं मला का आलं नाही? त्यांनी खटखट केलं आणि सांगितलं की आलं आहे, ईमेलवर. कोणत्या ईमेलवर? माझा ईमेलच नाही. स्क्रीन वळवून दाखवली. आमच्या गावच्या सेवा केंद्रात पूर्वी जो पोरगा बसायचा, त्याचा ईमेल! खातं उघडताना त्यानं फॉर्म भरला, ईमेलचा रकाना रिकामा चालत नव्हता म्हणून स्वतःचा टाकला. तो पोरगा दोन वर्षांपूर्वीच पुण्याला कंपनीत गेला. माझे पैसे कापणार असल्याची सूचना दर महिन्याला त्याला जात होती. आसपासच्या गावांतल्या किती बायकांच्या सूचना त्याच्याकडे जात असतील कोणास ठाऊक.

पैसे कटल्यानंतरचे मेसेज यांच्या फोनवर आले असतील, नाही म्हणत नाही. तो बटणांचा फोन, मेसेजची पेटी जाहिरातींनी भरलेली, आणि मेसेज इंग्रजीत. हे सातवी शिकलेले. माझ्या खात्यातून तीन महिन्यांनी एसएमएसचे पैसे घेता ना? मग तो मेसेज मला वाचता येईल अशा मराठीत का पाठवत नाही?

आपोआप कापायची परवानगी रद्द करा म्हटलं तर ते आमच्या हातात नाही, ॲपमधून करा. ॲपमधून तर जूनमध्येच केलं होतं! शेवटी पोरानं बँकेच्या वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकून यादी उघडली. तिथं ती परवानगी चालू दिसत होती, मुदत दहा वर्षं. दहा वर्षं! आम्ही सात दिवसांसाठी हो म्हटलं होतं. २० नोव्हेंबरला पोरानं ती स्वतः रद्द केली. दोन मिनिटांचं काम होतं. साहेबांना करता आलं नाही की करायचं नव्हतं, हे त्यांनाच विचारा.

अशा आपोआप कपातीसाठी १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. २०२२ मध्ये ५,००० ची मर्यादा वाढवून ती १५,००० केली. १५,००० म्हणजे आमच्या दोन क्विंटल कापसाचे पैसे. शहरातल्या माणसाला सोय झाली असेल. पण ज्याच्या खात्यात वर्षातून दोनदा पीक विकल्याचे पैसे येतात त्याच्या खात्याला तुम्ही एवढं मोठं दार ठेवलं आणि त्याची चावी दुसऱ्याच्या हातात दिली.

अर्जाचा फॉर्म इंग्रजीत होता. भरला. स्क्रीनशॉट, पासबुकाची झेरॉक्स, कंपनीचा मेल, सगळं जोडलं. पोच मागितली तर म्हणे, लागत नाही. मी काउंटरवरून हलले नाही. मागं रांग लागली, लोक बोलायला लागले, तेव्हा शिक्का मारून दिला.

त्या आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. मी सगळ्यांना पासबुक आणायला लावलं. अकरा जणींच्या वह्या पाहिल्या, चौघींच्या खात्यात अशाच ओळी. एकीचे दर महिन्याला ९९, एकीचे १४९. एकीच्या नातवानं गेम उतरवला होता, एकीला कशाचे ते आजही माहीत नाही. "माहे बी कटले वं बाई, मले वाटलं सरकारच कापते," ती म्हणाली. तिला तसं वाटणारच! मे महिन्याच्या शेवटी विम्याचे ४३६ आणि २० कापले जातात, ते आम्ही सही करून दिलेले असतात, माणूस गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात हे माहीत असतं. त्याच वहीत, त्याच शाईत हे ९९ आणि १४९ मिसळून जातात. लाडक्या बहिणीचे १,५०० आले की दोन दिवसांत त्यातले ४९९ गायब. एक तृतीयांश!

आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे. या कंपन्या रकमा मुद्दाम अशा ठेवतात. ९९ साठी कोण तालुक्याला जाईल? ४९९ साठी कोण दिवस बुडवेल? माझ्या तीन खेपा झाल्या. तीन दिवसांचा वेचा, बाराशे रुपये. तिकीट आणि झेरॉक्स वेगळी. आमची म्हातारी सासूबाई म्हणाली, "जाऊ दे नं माय, काहून जीव जाळतं." नाही जाऊ देणार. जाऊ दे म्हणणाऱ्यांच्याच जिवावर त्यांचा धंदा चालला आहे. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांची यादीच काढली, तेरा प्रकार आहेत त्यात. सदस्यत्व रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं हा त्यातलाच एक. यादी काढली, बरं केलं. मग माझ्या मोबाइलवर ती जाहिरात अजून कशी येते? कालच पुन्हा आली. तोच एक रुपया.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आमच्याकडे घरात रेंज नसते म्हणून पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून बोलले. तिथल्या बाईनं निदान नीट ऐकून घेतलं आणि नंबर दिला. तेवढ्यानंच मला रडू आलं, कारण महिनाभरात पहिल्यांदा कोणी तरी पूर्ण ऐकलं होतं.

९ डिसेंबरला काही कटलं नाही. १२ तारखेला बँकेचं उत्तर आलं. एक ओळ, इंग्रजीत. व्यवहार ओटीपीनं झालेला असल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. स्क्रीनशॉटबद्दल अक्षर नाही. कंपनीनं सदस्यत्व नाही म्हणून लिहून दिलं, त्याबद्दल अक्षर नाही. कोणत्या व्यवहाराचा ओटीपी, तेही नाही.

आम्ही त्याच रात्री रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. बँकेनं तक्रार नाकारली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिथं जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. गटातल्या चौघींनाही मी तो वहीत लिहून दिला आहे. तिथंही नाही झालं तर यवतमाळला ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही.

सोमवारी पुन्हा पासबुक छापलं. २,४९५ अजून आलेले नाहीत. शेवटच्या ओळीत एसएमएसचे म्हणून १७ रुपये ७० पैसे कापलेले होते. पोराला सांगितलं, तक्रारीला ते पानही जोड.