खाटेला अडकवलेली पाटी

आमच्या नर्सिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालला आहे: एड्सच्या रुग्णाच्या खाटेला वेगळी पाटी लावावी की नाही. सांगलीकडच्या मैत्रिणींचे म्हणणे असे, की ज्याचे सगळे करायचे त्याचा आजार सिस्टरपासून मावशींपर्यंत सर्वांना दिसला पाहिजे. मी लंडनमध्ये नाइट संपवून बसमधून घरी जाताना हे वाचते आणि माझा संताप होतो.

भारतातल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाचा एचआयव्ही असा चारचौघांत उघड करता येत नाही, आणि कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधने व गरज पडल्यास प्रतिबंधक औषधे पुरवणे त्याच कायद्याने बंधनकारक आहे. भांडायचे तर त्यासाठी भांडावे. बाधित रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते आणि ७२ तासांच्या आत औषधे सुरू केली तर ती आणखी घटते. उलट कावीळ ‘ब’च्या रुग्णाची सुई टोचली तर लस न घेतलेल्या सिस्टरला ती होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्या रुग्णाच्या खाटेला पाटी लावा असे कोणी म्हणत नाही. इथे लंडनमध्ये १९८७ साली राजकुमारी डायनाने मिडलसेक्स रुग्णालयातल्या एड्सच्या वॉर्डात हातमोजे न घालता रुग्णाशी हस्तांदोलन केले होते. आज आमच्या वॉर्डात असा रुग्ण इतरांबरोबर बेमध्येच, म्हणजे सामायिक खोलीतच असतो; एकट्याची साइड रूम लागते ती क्षयाची शंका असेल तर.

आता भरती होतो तो बहुधा उशिरा निदान झालेला किंवा गोळ्या मध्येच सोडलेला रुग्ण. तोंडात पांढरा थर साचलेला असतो, पाण्याचा घोटही टोचतो, जुलाबांनी कातडी सोलवटते, रात्रीच्या घामाने चादर दोनदा बदलावी लागते. बोटाला गॉझ गुंडाळून ते तोंड हळूहळू पुसणे, पाठीला फोड येऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे आणि गोळ्या का सुटल्या हे न रागावता विचारणे, याला वेळ लागतो, आणि तो वेळ पाटीने मिळत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिले, तेव्हा एकीने उत्तर दिले, “तुझ्याकडे रात्री आठ पेशंट असतात, माझ्याकडे पन्नास. ये की परत.” माझ्या राजीनाम्यानंतर ती जागा दोन वर्षे भरली नव्हती, हेही तिनेच पूर्वी सांगितले होते. मी फोन उलटा ठेवला.

खरे तर पाटी मीही पाहिली आहे, आणि तिच्यामागे लपलेही आहे. २००६ साली सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी नवीन होते. ऊसतोडीला जाणारी एक बाई शेवटच्या खाटेवर होती, केसपेपरवर लाल शाईची खूण होती. मी दोन-दोन हातमोजे चढवून तिच्या गोळ्या लॉकरवर ठेवायची आणि वळायची. तिची सासू तिला चमच्याने पेज भरवी, पदराने तिचे ओठ टिपी, आणि उरलेली पेज त्याच चमच्याने स्वतः खाई. एका दुपारी म्हातारी मला म्हणाली, “पोरी, हिला कुशीवर घ्यायचीय, जरा पाठ धर.”

मी मावशींना हाक मारायला गेले.