‘व्हॅक्सिन’मधली गाय

‘व्हॅक्सिन हा शब्द लॅटिनमधल्या गाईवरून आला, म्हणजे प्रत्येक लशीत गाईचं रक्त असतंच,’ असा मेसेज फिरतोय. पहिला अर्धा भाग खरा आहे. ‘व्हाका’ म्हणजे गाय. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावर आलेल्या गोदेवीच्या (गाईंना होणाऱ्या, देवीसारख्या रोगाच्या) फोडातला द्राव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. १७९८च्या पुस्तिकेत त्याने या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, म्हणजे गाईची देवी, म्हटलं. मुंबईत ही देवीवरची लस जून १८०२मध्ये पोचली. पुढे देवीची लस वासरांच्या कातडीवर वाढवलीही जायची, हे लपवायचं कारण नाही.

मग इतर लशींना हे नाव कसं चिकटलं? १८८१मध्ये लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ तो शब्द सर्वच लशींसाठी सुचवला, एवढंच.

कोव्हॅक्सिन या कोरोनावरच्या लशीच्या वेळी हीच ओरड झाली होती. तिथे वासराचं सीरम (रक्तातला द्रव भाग) पेशी वाढवायला वापरतात, नंतर पेशी धुतल्या जातात आणि तयार लशीत ते नसतं, असं केंद्र सरकारने जून २०२१मध्ये सांगितलं होतं. शिवाय नावावरूनच घटक ठरवायचे तर आपल्या ‘लस’ शब्दाचं काय करणार? जखमेतून झिरपते तीही लसच!