माझ्या आळसाचा रिपोर्ट

आपल्या आळसाला एखादं शास्त्रीय नाव असावं, असं प्रत्येक आळशी माणसाला मनातून वाटत असतं. मला ते वयाच्या ४६व्या वर्षी मिळालं, तेही छापील आणि ठळक अक्षरांत.

तोपर्यंत घरात माझ्यासाठी कुंभकर्ण ते अजगर अशी उपाध्यांची चढती श्रेणी वापरात होती. पण त्या वर्षी मी स्वतःच्याच विक्रमावर मात केली होती. आठ तास झोपून उठलो की दमायला व्हायचं. बाकीचे पंखा वाढवायचे आणि मी पायात मोजे शोधायचो. आवाज घोगरा झाला होता. हातावर नख फिरवलं तर पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटायची. शेजाऱ्यांचं नाव आठवायला इतका वेळ लागायचा, की ते येताना दिसले की मी आठवायला सुरुवात करायचो आणि ते जिना उतरून गेले की मला आठवायचं. शेवटी बायकोने मला डॉक्टरकडे नेलं. 'नेलं' हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरतो आहे.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने टकटक केलं. पाय ठरल्याप्रमाणे झटकन गेला. परत यायला मात्र तो सावकाश, आजूबाजूचं बघत बघत आला.

"परत यायला वेळ लागतोय," डॉक्टर म्हणाल्या.

"सोफ्याचं पण असंच आहे हो," बायको म्हणाली. "बसतात पटकन, उठायला वेळ लागतो."

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की टाचेची ही शीर खरोखरच उशिरा सैल पडते, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या आळसाला आता हातोडीचा पुरावा होता. रक्त द्यायला गेलो तेव्हा तिथल्या मुलाने चिठ्ठीवर 'थायरॉईड' वाचलं आणि सरळ बायकोकडे बघून म्हणाला, "मॅडम, बाही वर घ्या." हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो, त्यामुळे त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. मी बाही वर केली तेव्हा त्याने माझ्याकडे जरा सहानुभूतीनेच पाहिलं.

रिपोर्ट आला. टीएसएच ११.८. शेजारी नॉर्मल आकडा साधारण ०.४ ते ४. शाळा सुटल्यापासून कुठल्याही परीक्षेत मला इतके मार्क मिळाले नव्हते. मी म्हणालो, "बघा, माझी ग्रंथी तिप्पट काम करतेय! थकणार नाही तर काय होणार?"

मुलगी दहावीत आहे. तिच्या पुस्तकात या ग्रंथीला 'अवटू' म्हणतात आणि हार्मोनला 'संप्रेरक'. अवटू हे मला एखाद्या खोडकर भाच्याचं लाडाचं नाव वाटतं. तिने रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, हे अवटूचे मार्क नाहीत. टीएसएच अवटू बनवतच नाही, तो वरून येतो."

मग तिने समजावलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी लोंबकळत असते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ती रक्तावाटे गळ्यातल्या अवटूला निरोप धाडते, की ऊठ, काम कर. तो निरोप म्हणजे टीएसएच. अवटूने पुरेसा माल पाठवला की पीयूषिका गप्प बसते. नाही पाठवला की ती आवाज चढवते.

"म्हणजे टीएसएच म्हणजे आई," मुलगी म्हणाली. "सकाळी पहिली हाक हळू असते. तुम्ही उठत नाही. दुसरी जरा मोठी. पाचव्या हाकेला खालच्या मजल्यावरचे उठतात. तेव्हा आईचा आवाज मोजला की तुम्ही किती गाढ झोपलाय ते कळतं. ११.८ म्हणजे पाचवी हाक."

यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मला पुढे कोणीही दिलं नाही. बायकोने फक्त एक शंका काढली. "आणि मी ओरडते तो आजार माझा नाही ना?"

"नाही, बाबांचा."

वर्षानुवर्षांचा वाद असा एका वाक्यात निकालात निघाला आणि माझ्या बाजूने निघाला नाही. पीयूषिकेलाही वरून टोचणारा, हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा भाग असतो, हे ऐकल्यावर मी सासूबाईंच्या रोजच्या फोनचा उल्लेख करणार होतो. पण तेवढी तरतरी माझ्यात तेव्हा नव्हती, आणि ते बरंच झालं.

आजारी माणसाला वाचायला भरपूर वेळ असतो. शरीरात निरोप फक्त नसांमधूनच जातात, अशी एके काळी समजूत होती. १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याकडे जाणाऱ्या नसा कापून टाकल्या आणि त्या तुकड्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या असूनही स्वादुपिंडाने आपला रस सोडलाच. म्हणजे निरोप रक्तातून पोचला होता. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा निरोप्यांना 'हार्मोन' म्हटलं. हा शब्द ग्रीकमधला, 'चेतवणे' या अर्थाचा. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे हे दोघे मेहुणे-मेहुणे होते. स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिली होती. दोन मेहुणे एका खोलीत येऊन काहीतरी उपयोगी काम घडल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

हार्मोनची तऱ्हा दवंडीसारखी. रक्तातून गावभर फिरते, पण ज्या पेशीकडे ती ऐकायचा कान आहे तीच उठते. बाकीच्या पेशींना सोयरसुतक नसतं. अवटूच्या दवंडीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी कान जवळपास प्रत्येक पेशीला असतात. त्यामुळे ती दवंडी क्षीण झाली की हृदय, आतडी, कातडी, केस, मेंदू अशी सगळी खाती एकदम मंदावतात. माझ्यात कुठलंच खातं दुसऱ्याला नावं ठेवू शकत नव्हतं.

डॉक्टरांनी अवटूच्याच हार्मोनची रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मी हिशोब केला (असले हिशोब करायला मला कधीच थकवा येत नाही): ही गोळी ५० वर्षं रोज घेतली, तरी पोटात गेलेलं औषध पुरा एक ग्रॅम भरत नाही. एवढ्याशा चिमटीवर अख्खा माणूस चालतो! १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये मरे नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका मंदावलेल्या बाईंना मेंढीच्या अवटूचा अर्क टोचायला सुरुवात केली. बाई बऱ्या झाल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. माझ्या नावावर एकही मेंढी नाही, याचं मला समाधान आहे.

गोळी एवढीशी, पण तिचा मान मोठा. ती उपाशीपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियमची गोळी असेल तर तिने चार तास लांब उभं राहायचं. सकाळचा तो अर्धा तास मी घड्याळासमोर बसून काढायचो. मिनिटकाट्यालाही थायरॉईड असावा, असं मला रोज वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी मला अंगात वीज सळसळल्यासारखं वाटलं. मी माळा आवरला. बायको खाली शिडी धरून उभी होती, भीतीने. मी डॉक्टरांना फोन करून धन्यवाद दिले. त्या म्हणाल्या, "अहो, या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सात दिवस लागतात. पातळी स्थिर व्हायला सहा आठवडे जातील. दोन दिवसांत काहीच होत नाही."

"मग माळा?"

"तो तुम्हीच आवरलात."

हे मला फार लागलं. पुढे वाचताना सोबती मात्र थोर मिळाला. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने, वय वर्षं ७२, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुणपणाची ताकद परत आली असं पॅरिसमधल्या विद्वानांपुढे जाहीर केलं. त्या पाणचट अर्कात कामाचं हार्मोन जवळपास नव्हतंच, हे पुढे कळलं. त्यांनी बहुधा माळाही आवरला असेल.

सगळीच हार्मोनं अशी आळोखेपिळोखे देत काम करत नाहीत. ॲड्रेनालिन क्षणात येतं आणि दोन-तीन मिनिटांत निम्मं ओसरतं. मी माळ्यावरून उतरताना शिडी हलली, तेव्हा ते बायकोला आणि मला एकदमच आलं. रक्तातून ते उतरलंही असेल लवकर, पण त्यानंतरचं बोलणं बराच वेळ चाललं. त्याला कुठलं हार्मोन जबाबदार असतं, ते दहावीच्या पुस्तकात नाही.

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ होता. नळ गळतोय? अवटू. बिल भरायचं राहिलं? अवटू. मी सोफ्यावरून नुसता गळ्याकडे बोट दाखवायचो. हे लोण मग घरभर पसरलं. मुलगी म्हणाली, तिच्या वयात झोपेचं हार्मोन मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवतं, त्यामुळे सकाळी लवकर न उठणं ही तिची शारीरिक गरज आहे. दुर्दैवाने हे खरं आहे. बायको म्हणाली, "छान. बापाची अवटू, लेकीचं मेलाटोनिन. आणि भांडी कुणाच्या हार्मोनने घासायची?"

वजनाचाही विषय मी डॉक्टरांपुढे काढला. माझं वजन १४ किलोंनी जास्त होतं, ते सगळंच्या सगळं मी थायरॉईडच्या खात्यावर मांडलं होतं.

"त्यातले दोन-चार किलो देते मी थायरॉईडला," डॉक्टर म्हणाल्या. "तेही बरंचसं मीठ आणि पाणी."

"आणि उरलेले दहा?"

त्यांनी काही न बोलता चष्मा पुसला.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. मोजे निघाले होते, आवाज सुटला होता, शेजाऱ्यांचं नाव ते जिन्यात असतानाच आठवत होतं. डॉक्टरांनी पुन्हा हातोडी मारली तर पाय गेला तसा परत आला, अगदी घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट फोनवर आला. टीएसएच २.१.

तो मी अंथरुणातच वाचला. पीयूषिका शांत होती, अवटूचं राहिलेलं काम गोळी निभावत होती, आत सगळं आलबेल होतं. बाहेरून बायकोची चौथी हाक आली. मी रिपोर्ट बंद केला, पांघरूण वर ओढलं आणि हा आकडा तिला कळायला अजून किती दिवस लावता येतील, याचा विचार करू लागलो.

"बाबा," दारातून मुलगी म्हणाली, "रिपोर्ट आईच्या फोनवरही आलाय."

पाचवी हाक खालच्या मजल्यावर ऐकू गेली.