नवतपा आणि माझा लॅपटॉप

नागपुरात मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी बारा ते पाच कोणीही शहाणा माणूस जिवाला त्रास करून घेत नाही. माझा गेमिंग लॅपटॉप भलताच शहाणा निघाला.

विकत घेताना दुकानदाराने ‘४.५ गिगाहर्ट्झ’ हा प्रोसेसरच्या वेगाचा आकडा असा काही उच्चारला होता, की पाकिटातलं कार्ड आपोआप बाहेर आलं. तो आकडा त्याच्या दुकानातल्या एसीच्या भरवशावर होता, हे बिलावर लिहिलेलं नसतं. लॅपटॉपचा पंखा काही थंडी तयार करत नाही. खोलीतलीच हवा ओढतो आणि तांब्याच्या नळ्यांपुढच्या बारीक पात्यांमधून फुंकतो. आता खोलीच चाळिशीत असेल, तर त्याने कोणाच्या तोंडावर कोणती हवा मारायची? प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे सरकतो आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग स्वतःच निम्म्यावर आणतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात.

पडद्यावर ते असं दिसतं : भिंतीआडून शत्रू निघतो, मी बटण दाबतो, चित्र थिजतं. पुढच्या चित्रात शत्रू उभा आणि मी आडवा. कानात टीममधला पुण्याचा मुलगा अत्यंत सभ्यपणे विचारतो, “झोपलास का रे?” नागपूरचा मित्र सभ्यतेच्या भानगडीत पडत नाही. “काय करून राहिला बे!”

एवढ्यात डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं इतकी तापलेली असतात, की आईने एकदा वरून हात फिरवून “यावर कुरडया वाळतील का रे?” असं खरोखर विचारलं होतं.

मग सल्ले सुरू होतात. कूलिंग पॅड, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंखेवाला पाट घे, म्हणाले. घेतलं. त्यातले निळे दिवे उत्तम चालतात. तापमान दोन-तीन अंश उतरलं, आणि त्याहून जास्त फरक लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं सरकवल्यावर पडला, कारण खालून हवा आत जायला वाट मिळाली. झाकणं फुकट होती, हे बाबांनी मुद्दाम दोनदा सांगितलं. बाबांचा स्वतःचा उपाय सोपा : “कूलरसमोर ठेव.” विदर्भाच्या कोरड्या उन्हात कूलर खोलीचं तापमान छान उतरवतो, त्यामुळे विचारात तथ्य होतं. पण आमचा कूलर हवेबरोबर तुषारही उडवतो, आणि त्याच्या जाळीवर क्षाराचे जे पांढरे थर आहेत, ते मला मदरबोर्डवर बघायचे नव्हते. तडजोड अशी झाली, की कूलर खिडकीत आणि मी दाराशी.

शेवटी लॅपटॉप उघडून घेतला. पंखा आणि पाती यांच्यामध्ये धुळीची करडी पट्टी बसली होती. दुरुस्तीवाल्या पोराने ती चिमट्याने अख्खीच्या अख्खी बाहेर काढली. तिच्यात कूलरच्या गवताच्या दोन काड्याही होत्या. चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता नळ्यांकडे पोचवणारा लेप, वाळून भेगाळली होती. ती पुसून नवीन लावली.

तरी खरा गुण आला तो एका बिनखर्ची आकड्याने. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, की त्याचा टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावायची सोय, बंद होतो. वरून गेमला सेकंदाला ६० फ्रेमचं, म्हणजे चित्रांचं, कुलूप घातलं. वेग कागदावर कमी झाला, पण जो आहे तो शेवटपर्यंत टिकतो, आणि तापमान ऐंशीच्या आत राहतं. टक्क्यांवरून मी जन्मभर बोलणी खाल्ली. एक टक्का कमी झाल्याने घरात शांतता नांदल्याचा हा पहिलाच प्रसंग.

शांतता मात्र महागात पडली. पूर्वी पंख्याची घरघर ऐकू आली, की पोरगा कामात आहे असं बाबा समजायचे. आता आवाजच येत नाही, म्हणजे मी रिकामा. ऐन सामन्यात हाक येते, “अरे, कूलरमध्ये पाणी टाक!”