साधी राहणी, उच्च शेळी

रविवारी साडेआठला उपासना असते, आणि ही गोष्ट शेळीला सांगून काही उपयोग नसतो.

शनिवारी रात्री आम्ही सगळं व्यवस्थित ठरवून झोपतो, म्हणजे पाचला उठायचं, साडेपाचला धार, सहाला कोंबड्या सोडायच्या, मग पोरांच्या आंघोळी, सव्वासातला गाडीला किक. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढं मातोरीच्या रस्त्याला आमचा मळा, मळा म्हणायचं आपलं, पाच गुंठे आहेत, तिथून चर्च दहाबारा किलोमीटर. दोन वर्षांत आम्ही पहिल्या गीताला हजर होतो असे रविवार बोटावर मोजण्याइतके आणि त्यातल्या एका रविवारी उपासना नऊची केली होती, ते आम्हाला माहीत नव्हतं म्हणून.

झालं काय की अंबडला मी ज्या कंपनीत होतो तिथली एक शिफ्ट बंद झाली, पगार उतरला, घरभाडं काही उतरलं नाही. त्याच महिन्यात बायकोने मोबाईलवर साधं जगणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यात सगळे लोक लिनेनचे कपडे घालून हळूहळू टोमॅटो तोडतात. कुणाला घाम येत नाही, कुणाच्या पायात काटा मोडत नाही. ती म्हणाली, अहो आपल्याला देवाने जमीन दिलीय, आईंचे पाच गुंठे नुसते पडलेत, दोन खोल्या पत्र्याच्या टाकू, भाजी घरची, अंडी घरची, दूध घरचं, महिन्याला नऊ हजारात भागेल. मी हो म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही, बहुतेक मला वाटलं होतं की हे पण जिमसारखं आठवडाभरात जाईल.

आई रिटायर नर्स. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नाईट ड्यूटी केलेली बाई, तिला कशाची दया येत नाही. कोंबडीची पिल्लं आणली तर सातव्या दिवशी हिने लासोटा लसीचे थेंब प्रत्येकाच्या डोळ्यात घातले, वहीत नोंद केली, आणि आता आमच्या प्रत्येक कोंबडीचा स्वतंत्र केसपेपर आहे. एखादी खुडूक बसली की आई तिच्या पानावर "बेड रेस्ट, 21 दिवस" असं लिहिते. पहिलं अंडं आलं तेव्हा आम्ही प्रार्थना केली, फोटो काढला, आणि मग आईने खुराडं, जाळी, मक्याचा भरडा, औषधं सगळं जोडून हिशेब मांडला तर ते एक अंडं आम्हाला साडेसहा हजारांना पडलं होतं. त्याचं ऑम्लेट करायची कुणाची हिंमत होईना. शेवटी धाकट्याच्या हातून फुटलं.

खुराडं मी स्वतः ठोकलंय हे सांगायला पाहिजे, कारण बघून ते कुणाला वाटत नाही की ते कुणी मुद्दाम केलंय. मी हातोडी घेऊन अंगठा चोखत बसलो होतो तेव्हा आईने मला शरणपूरचा, म्हणजे नाशिकमधल्या जुन्या मिशन वस्तीचा, इतिहास ऐकवला. म्हणाली, मिशनच्या काळात इथं गुलामीतून सोडवलेली आफ्रिकेची पोरं ठेवलेली होती, त्यांना सुतारकी, लोहारकी शिकवायचे. त्यातलाच एक जेकब वेनराईट. 1873 साली मिशनरी लिव्हिंग्स्टनसाहेब आफ्रिकेत जंगलात वारले तर यानं आणि बाकीच्यांनी मिळून त्यांचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणला, आणि हा तर तिथून पुढं बोटीनं पार लंडनपर्यंत सोबत गेला. आणि तू त्याच शरणपुरात वाढलेला, तुला चार फळ्या काटकोनात बसवता येईनात? आता यावर माणसाने काय बोलावं. मी म्हणालो आई, त्याला कोंबड्या नव्हत्या सांभाळायच्या. ती म्हणाली खिळा वाकडा चाललाय.

शेतीचं तर विचारूच नका. पेरणाऱ्याचा दाखला लहानपणापासून संडे स्कूलला पाठ आहे, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. आमच्या पाच गुंठ्यांत पहिल्या तीनही प्रकारची जमीन आहे. चौथी शेजारच्या द्राक्षबागेत आहे, कंपाउंडच्या पलीकडे. आणि आकाशातली पाखरं पेरत नाहीत कापत नाहीत तरी स्वर्गातला बाप त्यांना खायला घालतो, हे आम्ही वाचायचो तेव्हा किती गोड वाटायचं, आता कळलं की त्या खायला घालण्यातला मधला माणूस मी आहे. मेथी टाकली की साळुंक्या माझ्या मागेमागेच चालतात, अगदी पंगतीला बसल्यासारख्या.

पण खरा विषय शेळीचा आहे.

शेळी आठवडे बाजारातून आणली. बाजारात जनावराचा सौदा रुमालाखाली हात घालून बोटांनी करतात हे मी ऐकून होतो पण बोटांचा हिशेब मला येत नव्हता, दलालाने रुमाल टाकला, माझी बोटं दाबली, मी पण भिडेखातर त्याची दाबली, तो एकदम खूश होऊन "दिली!" म्हणाला. काय दिली, कितीला दिली ते मला दोन मिनिटांनी कळलं, सात हजार. संगमनेरी आहे साहेब, लिटरभर दूध देईल, असं तो म्हणाला होता. देते. फक्त अर्धं बादलीत आणि अर्धं माझ्या पँटवर, आणि पँटवरचं तेवढं धुवून जात नाही. उपासनेत माझ्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते ती त्यामुळेच.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा पोरांनी मोठी चर्चा केली. थोरलीला चिंता अशी की शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे, स्वर्गाच्या बाजूला, आणि शेरडं डावीकडे, मग आपल्या शेळीचं कसं होणार? चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले राहेल नाव ठेवा, हिब्रूत राहेल म्हणजे मेंढी. झालं, पोरांना वाटलं कागदोपत्री सोय झाली. तेव्हापासून धाकटा तिला कुठंही बांधताना आधी उजवी बाजू कुठली ते बघतो.

आता बिबट्याचं. आमच्या पट्ट्यात ऊस आहे, मळे आहेत, त्यामुळे बिबट्या येतो, यात नवल काही नाही, नाशिकला आता लोक पाऊस आला का आणि बिबट्या आला का हे एकाच सुरात विचारतात. मागच्या नोव्हेंबरात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं तर वनखात्याने पिंजरा लावला. राहेल रात्री स्वयंपाकघरात झोपायला लागली. साधं जगणं म्हणजे काय तर रात्री दोनला पाणी प्यायला उठायचं आणि अंधारात चार पायांच्या कुणाला तरी सॉरी म्हणायचं.

आणि त्याच आठवड्यात आमच्या चर्चचा हार्वेस्ट होता. म्हणजे सुगीचा सण, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या दिवशी प्रत्येक घराने आपलं प्रथमफळ देवाला आणायचं, वेदीसमोर ऊस, केळीचे घड, भोपळे, कांदे, सगळं रचतात, उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. शहरातल्या मंडळींचं प्रथमफळ मार्केटमधून येतं, अननसाला अजून स्टिकर असतो. आम्ही मात्र पहिल्यांदाच स्वतः पिकवलेलं नेणार होतो, म्हणजे एक लाल भोपळा, आठ अंडी आणि मेथीची एक जुडी, जी साळुंक्यांच्या नजरेतून सुटली होती. बायकोने भोपळ्याला तेल लावून चकाकी आणली.

प्रश्न हा की सगळं घर चर्चला, मग राहेलजवळ कोण? बिबट्या दिवसा येत नाही असं मी म्हणालो. आई म्हणाली त्याला वेळापत्रक दिलंय का तू? शेवटी कोपऱ्यावरच्या पोराचा छोटा हत्ती भाड्याने घेतला, तो तसाही भाजी टाकायला पहाटेच शहरात जाऊन आला होता. पुढं आई आणि बायको, मागं मी, दोन पोरं, भोपळा आणि शेळी. शरणपूर रोडच्या सिग्नलला एका कारमधल्या बाईंनी आमचा व्हिडिओ काढला. बहुतेक त्यांना आम्ही साधे वाटलो असणार.

राहेलला आवारात गुलमोहराला बांधलं, धाकट्याने दोनदा खात्री करून दाराच्या उजव्या हाताला. आत उपासना चालू, पाळकसाहेब संदेश देताना मधे मधे थांबायचे आणि प्रत्येक वेळी बाहेरून "बें" यायचं, इतकं बरोबर जागेवर की मागच्या बाकावरची तरुण पोरं तिच्या पाठोपाठ आमेन म्हणायला लागली.

मग लिलाव. लिलाव पुकारायला आमच्याकडे एक काका आहेत, रिटायर माणूस, आवाज असा की माईक शोभेला. एका नारळावर दोन साडू इरेला पेटले आणि तो पाचशे दहाला गेला. लिंबू गेलं, केक गेले, आमचा भोपळा तीनशेला गेला, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग काकांनी गुलमोहराकडे हात केला.

"आणि आता बघा मंडळी! आपल्यातल्या एका कुटुंबाने या वर्षी काय आणलंय बघा! अख्खी शेळी!"

टाळ्या. नुसत्या टाळ्या नाही, लोक उभे राहिले. मी तोंड उघडलं, अहो काका ती आमची, एवढं म्हणेपर्यंत पाळकसाहेबांनी येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले, म्हणाले, बंधू, तुमच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, मला जवळचं होतं नव्हतं ते देणाऱ्या बायबलातल्या त्या विधवेच्या दोन दमड्यांची आठवण झाली. आता तुम्हीच सांगा, यानंतर "बिबट्यामुळे आणली होती, परत न्यायचीय" हे वाक्य कुठल्या तोंडाने बोलायचं? मला तरी ते तोंड सापडलं नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, ती नजर मी नवीनच पाहिली.

"दोन हजार!" कुणीतरी बोललं. एक गृहस्थ पुढं येऊन राहेलची पाठ चाचपत म्हणाले, नाताळाला चांगलं मटण होईल, अडीच. थोरलीने भोकाड पसरलं. मी हात वर केला, तीन हजार.

"काय हे मोठं मन!" काका माईकवर गदगदून म्हणाले, "दिली पण यांनीच आणि घेतायत पण हेच!" यामुळे झालं असं की बाकीच्यांना पण चेव आला, चर्चच्या छपराचं काम निघालेलं होतं, मटणवाले गृहस्थ साडेतीन म्हणाले, मी चार, ते साडेचार. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून, पार मागून, एक खणखणीत आवाज आला, "पाच हजार!"

मी घाम पुसला आणि साडेपाच म्हणालो. मागून सहा. मटणवाल्यांनी हात जोडून माघार घेतली, पण तो मागचा आवाज काही ऐकेना. मी सव्वासहा, तो साडेसहा. कोण आहे ही बाई, हिला आमच्या शेळीचं एवढं काय पडलंय, असं मनात म्हणत मी सहा हजार आठशे ओरडलो आणि टाचा उंच करून मागं बघितलं तर बायको दोन्ही हातांनी आईच्या साडीचा पदर ओढत होती. आईला एका कानाने कमी ऐकू येतं आणि गर्दीत मी तिला दिसत नव्हतो. कुणीतरी आपली राहेल पळवतोय एवढंच तिला कळलं होतं, आणि पेशंट सोडायचा नाही ही तिची जुनी सवय.

सहा हजार आठशे एक, सहा हजार आठशे दोन, सहा हजार आठशे तीन.

खजिनदारांनी पावती फाडली, "शेळी, नग 1", चार हप्ते करून दिले. बायकोने तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला, महिन्याच्या नऊ हजारातून सतराशे म्हणजे गहू बंद, तेल निम्मं, नाताळाच्या करंज्या फक्त पाहुण्यांपुरत्या. मी म्हणालो बघ ना, बाजारापेक्षा दोनशेने स्वस्तच पडली. ती काही बोलली नाही. आईने पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली, केसपेपरला लावायला. लिलावातला कुणाचा तरी ऊस राहेलने तोवर निम्मा संपवला होता, त्याचे साठ रुपये वेगळे द्यावे लागले.

धाकटा दोर सोडत होता. म्हणाला, पप्पा, आता ही देवाला देऊन परत आणलीय ना, मग आता डावीकडे बांधली तरी चालेल ना? मी म्हणालो बाळा, आता कुठंही बांध.

छोटा हत्तीवाला पोरगा गेटला वाट बघत बसला होता. शेळीला परत गाडीत चढवताना बघून त्याला वाईट वाटलं बिचाऱ्याला.

"काय झालं दादा, विकली नाही गेली का?"

"नाही रे," मी म्हणालो, "विकत घेतली."