सेल्फ दाबला की नुसतं 'टक'

डोक्याचा पार भुगा झालाय आज, कुठेतरी ओकायलाच पाहिजे म्हणून लिहितोय. सकाळी पावणेसात, बाहेर पावसाची रिपरिप, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सातची फर्स्ट शिफ्ट, रेनकोट हेल्मेट सगळं चढवून गाडीवर बसलो, चावी फिरवली, मीटर पेटला, पेट्रोल पंपाचा तो दोन सेकंदांचा झुंऽऽ आवाज आला, सेल्फ दाबला आणि 'टक'. संपलं. परत दाबला, परत 'टक'. इंजिन ढिम्म. आणि ही एका महिन्यात तिसरी वेळ, मधे नवीकोरी बॅटरी टाकून झाल्यावर!

किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघितला का असं विचारू नका, बघितला. (एकदा खरंच तोच बंद होता, पार्किंगमधली पोरं गाडीवर बसून बटणं दाबत बसतात, पाऊण तास मी घामाघूम. तेव्हापासून आधी तोच बघतो.) साइड स्टँड वर, गाडी न्यूट्रलला, क्लच दाबलेला, सगळं करून झालंय.

किक मार म्हणाल तर किक आहे कुठे? २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ म्हणजे प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन एफआय (इंजिनात पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टिम) आलं आणि त्या गडबडीत कंपन्यांनी कितीतरी गाड्यांची किकपण गुपचूप काढून टाकली. बाबांची जुनी स्प्लेंडर आठ दिवस पावसात भिजली तरी तिसऱ्या किकला फटफट करून उठायची. आणि मी लाखाच्या वर मोजून घेतलेली गाडी एका बटणाच्या भरवशावर.

पण त्याहून वैताग म्हणजे जमलेली मंडळी. गाडी बंद पडली की बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून, "अरे चोक ओढ की!" काका, हिला चोक नाहीये. "मग आडवी करून बघ जरा." आडवी कार्ब्युरेटरवाली करायचे हो. दुसरा म्हणतो प्लग काढून पुस, तिसऱ्याचं ठरलेलं, "हे सगळं इथेनॉलमुळे होतंय, पेट्रोलमध्ये २० टक्के घालतायत ना." अरे बाबा, इथेनॉलच्या नावाने काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण इंजिन फिरतच नाहीये तर पेट्रोलचा आणि प्लगचा संबंध येतोच कुठे? इंजिन घरघर फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा पेट्रोल नाहीतर स्पार्क बघायचा. फिरतच नाही तेव्हा बॅटरी, रिले (बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा स्विच), सेल्फ मोटर आणि त्यांच्यामधल्या वायरी. एवढी साधी गोष्ट आहे, पण ऐकतंय कोण.

शेवटी वॉचमनदादांना हाताशी धरलं, सेकंड गिअर टाकला, त्यांनी मागून धक्का दिला, क्लच सोडला तर पट्कन चालू! आता इथे मला सांगा, बॅटरी खरंच मेली असती तर एफआयची गाडी धक्क्यावर एवढ्या सहज चालू झाली असती का? पंपाला, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) करंट लागतोच ना. हेच पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरवाल्याला घसा कोरडा करून सांगितलं होतं. म्हटलं, सेल्फ दाबल्यावर एकच टक येतो, सारखं टकटकटक नाही, आणि मीटरची लाइट जरापण मंद होत नाही. बॅटरी वीक असली की सेल्फ दाबताच लाइट मलूल होते, मीटर रिसेट मारतो. पण तो पोरगा टॅबमधून मान वर काढेल तर शपथ. "सर, पावसाळ्यात बॅटरीचाच प्रॉब्लेम असतो." पावसाळ्यात! म्हणजे निदान कॅलेंडर बघून. १,८०० ची बॅटरी, वर लेबर, वर 'कन्झ्युमेबल्स' ८५ रुपये. ते कन्झ्युमेबल्स नक्की कोण खातं ते मला एकदा बघायचंय.

तीन आठवडे गाडी चालली. म्हणून मलाच वाटलं, आपणच शहाणपणा करत होतो, असेल बॅटरी. आणि परवा परत टक. परत त्यांच्याकडे. आता म्हणे सेल्फ मोटर गेली आणि सोबत रिलेपण बदलून टाकू, ४,२०० होतील सर. बदलून टाकू म्हणजे? मोटर उघडून बघितली? मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघितला? काही नाही. अंदाज लावायचा, पार्ट बदलायचा, नाही चालली तर पुढचा पार्ट, आणि प्रत्येक अंदाजाचे पैसे माझ्या खिशातून. मी म्हटलं राहू दे, गाडी तशीच धक्का मारून काढली आणि कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्याचा मल्टिमीटर मागून आणला. बॅटरीवर लावला, १२.६ व्होल्ट. सेल्फ दाबून धरला, १२.५. दहाच्या खाली जाईल म्हणून बघत होतो, जागचा हललाच नाही काटा (डिजिटल आहे, पण आपल्याकडे काटाच म्हणतात). तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही, हे मान्य.

आज शिफ्ट सुटल्यावर पाथर्डी फाट्याकडे एका टपरीवजा गॅरेजात गेलो, मिस्त्रीमामा बाहेर चहा पीत बसलेले. हा आकडा सांगितला तर हसले. म्हणे, "भाऊ, करंट निघतच नाहीये तर बॅटरी उतरंल कशी?" कप खाली ठेवला, जाड वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या अंगाला टेकवलं. म्हणाले दाबा. दाबला. खर्रर्र करून पहिल्या झटक्यात चालू!

अर्थिंग. मायनसची जाड काळी वायर खाली जिथे इंजिनला बोल्टने आवळलेली असते तिथला बोल्ट ढिला, आणि रिंगखाली गंज आणि वर्षभराचा चिखल. हेडलाइट-मीटरला थोडाच करंट लागतो आणि त्यांचं अर्थिंग वेगळ्या बारीक वायरीने, म्हणून ते झकास पेटतात. सेल्फ मोटरला एकदम मोठा करंट लागतो, तो त्या गंजातून जाणार कसा? बॅटरी बदलताना वायर हलली असेल, तेवढ्यावर ते तीन आठवडे निघाले. मामांनी १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला, रिंग पॉलिश पेपरने चकचकीत केली, खालची जागा घासली, आवळून वरून ग्रीसचं बोट फिरवलं. पाच मिनिटं. किती झाले म्हटलं तर "द्या पन्नास."

पन्नास! आणि माझे १,८०० अधिक लेबर अधिक ते खाल्लेले कन्झ्युमेबल्स, वर दोन हाफ डे, वर सुपरवायझरची बोलणी.

घरी येतोय तोवर सर्व्हिस सेंटरचा फोन, "सर, फीडबॅकसाठी कॉल केला होता, दहापैकी दहा द्याल ना?" म्हटलं दहा राहू दे, माझी जुनी बॅटरी परत द्या, ती चांगली होती. "सर, ती स्क्रॅपला गेली." कधी गेली? "त्याच दिवशी सर." स्क्रॅपला म्हणे. दोन वर्षं पण झाली नव्हती तिला, आत्ता कुठल्यातरी गाडीत बसून मस्त सेल्फ मारत असेल.