खुलासा: ‘शंभर टक्के ओळख’ चुकीची आहे

बेळगाव-खानापूरकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘यंत्रावर भरवसा नसला तरी कुठल्याही दोन क्वांटम अवस्था शंभर टक्के ओळखता येतात.’ (क्वांटम अवस्था म्हणजे प्रकाशकणासारख्या सूक्ष्म कणाची स्थिती.) पहिला भाग, म्हणजे यंत्रावर भरवसा न ठेवताही त्याची पारख करता येते, हा खरा. शहापूरच्या बाजारात काट्याचा संशय आला की आपण माहितीतलं वजन ठेवून बघतो. इथे तेही लागत नाही. एकमेकांशी संपर्क नसलेल्या दोन यंत्रांच्या उत्तरांचा सीएचएसएच आकडा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) 2 च्या वर गेला (क्वांटम नियमांनुसार कमाल 2.83), की उत्तरं आधीच ठरवलेली नव्हती हे कळतं.

पण शंभर टक्के? मुळीच नाही. 45 अंशांच्या फरकाने ध्रुवित (म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशांत तेवढा फरक असलेल्या), सारख्याच शक्यतेच्या दोन अवस्थांपैकी एका अवस्थेतला फोटॉन (प्रकाशकण) हाती आला, तर बरोबर ओळखण्याची कमाल शक्यता सुमारे 85 टक्के. यंत्र कितीही भारी असो. ‘सांगता येत नाही’ म्हणायची मुभा घेतली तर चूक टळते, पण बरेच फोटॉन ओळखल्याविना सोडावे लागतात.